मायर, हेलेने

(२० डिसेंबर १९१० – ऑक्टोबर १९५३). जर्मनीत जन्मलेली व पुढे अमेरिकेत स्थायिक झालेली विख्यात महिला तलवारपटू. फॉइल या हलक्या तलवारीच्या प्रकारात तिने ऑलिंपिक सामन्यांत १९२८ मध्ये सुवर्णपदक व १९३६ मध्ये रौप्यपदक मिळविले. जागतिक अजिंक्यपद तिने तीन वेळा आणि अमेरिकेचे राष्ट्रीय अजिंक्यपद आठ वेळा पटकाविले. महिलांच्या तलवारबाजीच्या आरंभीच्या काळातील सर्वश्रेष्ठ खेळाडूंत तिची गणना होते. तथापि तिचे नाव क्रीडेतिहासाबाहेरही परिचित आहे, ते १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमुळे. ज्या राजवटीने पित्याच्या ज्यू वंशामुळे तिला परके ठरविले, त्याच राजवटीच्या संघातून ती तेथे खेळली. तिच्या या निर्णयाविषयीचा वाद अद्यापि मिटलेला नाही.

फॉइलचे स्वरूप : आधुनिक तलवारबाजीत फॉइल, एपे व सेबर अशी तीन शस्त्रे वापरतात. फॉइल हे मुळात सरावाचे शस्त्र होय. द्वंद्वयुद्धाच्या तलवारीचा अभ्यास जीव धोक्यात न घालता करता यावा म्हणून बोथट टोकाचे व लवचिक पात्याचे हे शस्त्र यूरोपात प्रचारात आले. महाराष्ट्रातील फरीगदग्याशी त्याची तुलना करता येईल. फरीगदग्यात तलवारीऐवजी चामड्याने मढविलेला गदगा व ढालीऐवजी लहानशी फरी घेऊन तलवारीचे हात शिकवीत. फॉइलमध्ये मात्र ढाल नसते. बचावही त्याच पात्याने करावा लागतो. फॉइलची लांबी जास्तीत जास्त ११० सेंमी. आणि वजन ५०० ग्रॅमपर्यंत असते. वार केवळ टोकानेच करावयाचा असून तो प्रतिस्पर्ध्याच्या धडावर लागला, तरच ग्राह्य धरतात. ज्याने प्रथम हात लांबवून आक्रमण सुरू केले, त्याचा हक्क आधी मानला जातो. प्रतिस्पर्ध्याने ते आक्रमण आपल्या पात्याने अडविल्यावरच प्रतिवाराचा हक्क त्याच्याकडे जातो. त्यामुळे या प्रकारात शक्तीपेक्षा अंतराचा अंदाज, वेळेचे भान व मनगटाचे कौशल्य यांना महत्त्व असते.

विद्युत् उपकरणांनी स्पर्श नोंदविण्याची पद्धत फॉइलमध्ये १९५० नंतरच्या दशकात आली. तोपर्यंत एक प्रमुख पंच व चार साहाय्यक पंच डोळ्यांनी पाहून निर्णय देत असत. वार लागला की नाही, लागला तर तो धडावर लागला की दंडावर आणि त्या क्षणी आक्रमणाचा हक्क कोणाचा होता, हे सर्व क्षणार्धात ठरवावे लागे. खेळाडूची सारी भिस्त पंचांच्या नजरेवर व निःपक्षपातीपणावर असे.

महिलांच्या स्पर्धांचा आरंभ : पहिल्या आधुनिक ऑलिंपिकपासून (१८९६) तलवारबाजी सामन्यांत समाविष्ट होती, परंतु ती पुरुषांपुरतीच. स्त्रियांना फक्त फॉइल खेळण्यास योग्य मानले जाई. एपे व सेबर ही शस्त्रे त्यांच्या प्रकृतीस झेपणार नाहीत, अशी त्या काळची समजूत होती. महिलांच्या वैयक्तिक फॉइलचा समावेश १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये झाला आणि डेन्मार्कच्या एलेन ओसियरने एकही लढत न गमावता पहिले सुवर्णपदक जिंकले.

अमेरिकेत या खेळाची हौशी खेळाडूंची संघटना १८९१ मध्ये स्थापन झाली. महिलांच्या फॉइलची राष्ट्रीय स्पर्धा मात्र १९१२ पासून सुरू झाली. न्यूयॉर्क शहर हे तिचे प्रमुख केंद्र होते. खेळ शिकविणारे बहुतेक गुरू फ्रान्स, इटली, हंगेरी इ. देशांतून आलेले असत. ॲडलिन गेरिग हिने १९२० ते १९२३ अशी सलग चार वर्षे राष्ट्रीय अजिंक्यपद राखले व १९२४ च्या ऑलिंपिकमध्ये भाग घेतला. तिच्यानंतर मॅरियन लॉइड (विवाहोत्तर नाव मॅरियन लॉइड व्हिन्स) पुढे आली. तिने १९२८, १९३२ व १९३६ अशा तीन ऑलिंपिक सामन्यांत देशाचे प्रतिनिधित्व केले. १९३२ मध्ये लॉस अँजेल्स येथे अंतिम फेरीत पोहोचणारी ती पहिली अमेरिकन महिला ठरली. तथापि यूरोपीय खेळाडूंच्या तोडीचा खेळ अमेरिकेत अद्यापि रुजलेला नव्हता. हेलेने मायरच्या तेथील आगमनाने ही उणीव बऱ्याच अंशी भरून निघाली.

बालपण व प्रारंभीचे यश : हेलेनेचा जन्म फ्रँकफुर्टजवळील ओफेनबाख या माइन नदीकाठच्या औद्योगिक गावी झाला. वडील लूटव्हिख मायर हे ज्यूधर्मीय डॉक्टर होते, तर आई इडा ही ल्यूथरपंथीय ख्रिस्ती होती. हेलेनेला दोन भाऊ होते. घरातील वातावरण सुशिक्षित मध्यमवर्गीय जर्मन कुटुंबाचे होते आणि धर्माचार त्यात फारसा नव्हता. ओफेनबाख येथील तलवारबाजी मंडळ जर्मनीत नावाजलेले होते. तेथील इटालियन गुरू आर्तूरो गाझेरा यांच्या हाताखाली तिचे शिक्षण झाले. वयाच्या पंधराव्या वर्षापूर्वीच तिने जर्मनीचे महिला अजिंक्यपद मिळविले व १९३० पर्यंत सहा वेळा ते आपल्याकडे ठेवले.

अ‍ॅम्स्टरडॅम येथील १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये सतरा वर्षांची हेलेने वीस लढतींपैकी अठरा जिंकून सुवर्णपदकाची मानकरी ठरली. इंग्लंडची म्यूरिएल फ्रीमन दुसरी व जर्मनीचीच ओल्गा ओएल्कर्स तिसरी आली. पहिल्या महायुद्धामुळे जर्मनीला १९२० व १९२४ च्या सामन्यांतून वगळण्यात आले होते. दीर्घ काळानंतर पुन्हा सामन्यांत आलेल्या या देशाला हे यश विशेष मोलाचे वाटले. उंच बांधा, कानांवर गुंडाळलेल्या सोनेरी वेण्या व कपाळावर पांढरी पट्टी ही तिची छबी वृत्तपत्रांनी घरोघर नेली. तिच्या लहान मूर्तीही बाजारात विकल्या जाऊ लागल्या. तिचे वडील ज्यू आहेत, याची वाच्यता त्या वेळी कोणी केली नाही. पुढे १९२९ मध्ये नेपल्स व १९३१ मध्ये व्हिएन्ना येथे तिने आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले. या स्पर्धांना नंतर जागतिक स्पर्धांचा दर्जा देण्यात आला. याच काळात फ्रँकफुर्ट येथे तिने कायद्याचे व पॅरिस येथे भाषांचे शिक्षण घेतले. वडिलांचे १९३१ मध्ये निधन झाले.

अमेरिकेत वास्तव्य : लॉस अँजेल्स ऑलिंपिकमध्ये (१९३२) तिला पाचव्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. जर्मन नौदलाचे ‘नीओबे’ हे प्रशिक्षण जहाज जुलै १९३२ मध्ये बुडाले. त्या अपघातात तिचा मित्र मरण पावला व ही वार्ता तिला सामन्याच्या सुमारास समजली, असे तिच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. ऑस्ट्रियाकडून खेळणाऱ्या एलेन प्राइसने सुवर्णपदक जिंकले. सामन्यांनंतर हेलेने मायदेशी परतली नाही. कॅलिफोर्नियातील क्लेरमाँट येथील स्क्रिप्स महाविद्यालयात जर्मनीतून आलेली विद्यार्थिनी म्हणून ती राहिली.

जर्मनीत जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. त्यानंतर काही महिन्यांतच तेथील क्रीडामंडळांनी ज्यू सभासदांना काढून टाकण्यास सुरुवात केली. ओफेनबाखच्या मंडळानेही आपल्या पटावरून हेलेनेचे नाव कमी केले. तिची शिष्यवृत्तीही बंद करण्यात आली. ज्या मंडळाला तिने ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवून दिले होते, त्याची ती आता सभासदही राहिली नाही. सप्टेंबर १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंचे नागरिकत्व काढून घेतले व मिश्र वंशाच्या व्यक्तींचा एक वेगळा वर्ग ठरविला. हेलेनेची गणना या वर्गात झाली.

दरम्यान १९३४ पासून ती ओकलंड येथील मिल्स या महिला महाविद्यालयात जर्मन भाषा व तलवारबाजी शिकवू लागली होती. त्याच वर्षी तिने अमेरिकेचे राष्ट्रीय अजिंक्यपद प्रथम जिंकले. पुढे १९३५, १९३७, १९३८, १९३९, १९४१, १९४२ व १९४६ या वर्षीही ते तिच्याकडेच आले. पुरुष खेळाडूंशीही ती सरावात व स्पर्धांत बरोबरीने लढत असे. सॅन फ्रॅन्सिस्को येथे १९३८ मध्ये पुरुषांच्या एका स्थानिक स्पर्धेत ती विजयी झाली. परंतु अमेरिकन संघटनेने तो विजय रद्द ठरविला व यापुढे स्त्रीपुरुषांनी एकमेकांविरुद्ध स्पर्धा करू नये, असा दंडक घातला. या खेळात शारीरिक संपर्क येतो व समोर स्त्री असता सभ्य पुरुष पूर्ण सामर्थ्याने लढू शकत नाही, असे त्याचे समर्थन करण्यात आले. पात्याच्या टोकाखेरीज ज्या खेळात संपर्क जवळजवळ येतच नाही, त्याविषयी दिलेले हे कारण पटण्यासारखे नव्हते.

बर्लिन ऑलिंपिक : १९३६ चे सामने बर्लिनला देण्याचा निर्णय नाझी सत्तेवर येण्यापूर्वी, १९३१ मध्येच झाला होता. जर्मनीतील वंशभेदाची वृत्ते येऊ लागल्यावर या सामन्यांवर बहिष्कार घालावा, अशी चळवळ अमेरिकेत उभी राहिली. हौशी क्रीडासंघटनेचे अध्यक्ष जेरमाया महोनी बहिष्काराच्या बाजूने, तर अमेरिकन ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष एव्हरी ब्रंडेज विरोधात होते. जर्मन संघात ज्यू खेळाडूंना निवडीची समान संधी मिळते, असे दाखविणे जर्मन अधिकाऱ्यांना त्यामुळे आवश्यक झाले. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अमेरिकन सदस्य चार्ल्स शेरिल यांनी जर्मनीत जाऊन या प्रश्नाचा पाठपुरावा केला. निदान एखादा ज्यू खेळाडू संघात असावा, यावर त्यांचा भर होता. जगप्रसिद्ध, अमेरिकेत परिचित आणि नाझींच्या आदर्श कल्पनेत बसणाऱ्या सोनेरी केसांची हेलेने मायर या दृष्टीने सोयीची होती. तिला रीतसर निमंत्रण गेले. आपले पूर्ण नागरिकत्व मान्य करावे, अशी मागणी तिने केल्याचे तत्कालीन वृत्तांवरून दिसते. अखेरीस तिने निमंत्रण स्वीकारले. डिसेंबर १९३५ मध्ये अमेरिकन हौशी क्रीडासंघटनेत बहिष्काराची सूचना अल्प मतांनी फेटाळली गेली.

समान संधीच्या आश्वासनाचे खरे स्वरूप ग्रेटेल बेर्गमान या ज्यू खेळाडूच्या अनुभवावरून स्पष्ट होते. जून १९३६ मध्ये तिने उंच उडीत जर्मन विक्रमाची बरोबरी केली होती. तरीही, अमेरिकेचा संघ जहाजाने निघाल्याच्या सुमारास, जुलैच्या मध्यास तिला पत्राने कळविण्यात आले की, तिची निवड झालेली नाही. फेब्रुवारी १९३६ च्या हिवाळी सामन्यांत आइस हॉकीपटू रूडी बाल व उन्हाळी सामन्यांत हेलेने मायर, असे ज्यू वंशसंबंध असलेले केवळ दोन खेळाडू त्या वर्षी जर्मनीकडून खेळले.

बर्लिनमधील महिलांची फॉइल स्पर्धा अत्यंत चुरशीची झाली. अंतिम फेरीत आठ खेळाडू होत्या व प्रत्येकीला इतर सर्वांशी लढावयाचे होते. हंगेरीची इलोना एलेक प्रथम, हेलेने द्वितीय व एलेन प्राइस तृतीय आली. एलेक डाव्या हाताने खेळणारी होती. तिचे वडीलही ज्यू होते. ज्या सामन्यांतून आर्यवंशाची श्रेष्ठता जगास दाखवावयाची होती, त्यांतील या स्पर्धेची पहिली दोन पदके अशा रीतीने ज्यू पित्यांच्या कन्यांनी जिंकली. विजयमंचावर जर्मन संघाच्या पांढऱ्या गणवेशात उभी राहून हेलेनेने उजवा हात उंचावून नाझी पद्धतीची वंदना दिली. त्या प्रसंगाचे छायाचित्र सर्वत्र प्रसिद्ध झाले आणि पुढे तिच्या संबंध आयुष्याचा निवाडा अनेकांनी त्या एका छायाचित्रावरून केला.

तिच्या वर्तनाचे मूल्यमापन : हेलेने बर्लिनला का गेली, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. एका मतानुसार तिच्या होकारामुळे बहिष्काराच्या चळवळीची धार बोथट झाली व नाझी शासनाला आपल्या सहिष्णुतेचा देखावा करता आला. अमेरिकेत सुरक्षित असूनही तिने हे केले, म्हणून तिचा दोष अधिक, असे हा पक्ष मानतो. दुसऱ्या मतानुसार आई व भाऊ जर्मनीतच असल्याने नकाराचे परिणाम त्यांना भोगावे लागले असते. शिवाय ती वाढली ती जर्मन म्हणून. ज्यू ही ओळख तिने स्वतः घेतलेली नसून कायद्याने तिच्यावर लादलेली होती. गमावलेले नागरिकत्व खेळाच्या बळावर परत मिळविता येईल, अशी तिची आशा असावी. १९३२ मधील पराभव पुसून काढण्याची खेळाडूची स्वाभाविक इच्छाही त्यामागे होती. तिने स्वतः या प्रश्नावर जाहीरपणे फारसे काही सांगितले नाही. तिला दोष देताना एक गोष्ट विसरून चालत नाही. सामने जर्मनीतच ठेवण्याचा व आश्वासनांवर विश्वास ठेवण्याचा निर्णय आंतरराष्ट्रीय समितीचे व निरनिराळ्या देशांचे अधिकारी यांनी घेतला होता. त्यांच्या निर्णयाला नैतिक आधार पुरविण्याचे ओझे मात्र पंचवीस वर्षांच्या एका शिक्षिकेवर टाकण्यात आले. ग्रेटेल बेर्गमानही १९३७ मध्ये अमेरिकेस गेली. एकीला वगळून व दुसरीला बोलावून त्या राजवटीने दोघींचाही उपयोग करून घेतला होता.

उत्तरायुष्य : पॅरिस येथील १९३७ च्या जागतिक स्पर्धेत हेलेनेने तिसऱ्यांदा अजिंक्यपद मिळविले. जर्मनीत मात्र तिला पूर्वीचे स्थान लाभले नाही व ती कॅलिफोर्नियास परतली. पुढे तिने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले. दुसऱ्या महायुद्धामुळे १९४० व १९४४ चे ऑलिंपिक सामने झाले नाहीत आणि तिच्या उमेदीची ही वर्षे राष्ट्रीय स्पर्धांपुरतीच राहिली. तिचे भाऊ जर्मनीत युद्धकाळाच्या हालअपेष्टांतून वाचले. १९५२ मध्ये ती जर्मनीस परतली व एर्व्हिन फाल्कनर फोन झोनेनबुर्ग या अभियंत्याशी तिचा विवाह झाला. परंतु कर्करोगाने अवघ्या दीड वर्षाच्या आत, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी तिचे निधन झाले. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकच्या निमित्ताने पश्चिम जर्मनीने काढलेल्या टपाल तिकिटांपैकी एकावर तिचे चित्र आहे. म्यूनिक येथील १९७२ च्या ऑलिंपिक ग्रामातील एका रस्त्यालाही तिचे नाव देण्यात आले.

महिला तलवारबाजीचा पुढील विकास : हेलेनेच्या काळात व तिच्यानंतर अमेरिकन महिलांचा दर्जा लक्षणीय उंचावला. मारिया चेराने १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळविला. कॅलिफोर्नियातच घडलेली जॅनिस यॉर्क-रोमरी १९४८ ते १९६८ या काळात सहा ऑलिंपिक सामन्यांत खेळली आणि दहा वेळा राष्ट्रीय विजेती झाली. १९६८ मध्ये उद्घाटनाच्या संचलनात अमेरिकेचा ध्वज वाहण्याचा मान मिळालेली ती पहिली महिला होय. महिलांच्या फॉइलची सांघिक स्पर्धा १९६० मध्ये ऑलिंपिकमध्ये आली. मात्र एपेसाठी महिलांना १९९६ पर्यंत व सेबरसाठी २००४ पर्यंत वाट पाहावी लागली. फॉइलमधील पहिले अमेरिकन वैयक्तिक सुवर्णपदक ली कीफरने टोकिओ येथे २०२१ मध्ये झालेल्या सामन्यांत जिंकले व २०२४ मध्ये पॅरिस येथे ते राखले.

भारतात या खेळाची राष्ट्रीय संघटना १९७४ मध्ये स्थापन झाली. टोकिओ येथील सामन्यांत सेबर प्रकारात खेळलेली तमिळनाडूची भवानी देवी ही ऑलिंपिकमध्ये उतरलेली पहिली भारतीय तलवारपटू होय. महाराष्ट्रात छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात तलवारबाजीचे प्रशिक्षण दिले जाते. आज मुलींना फॉइल, एपे व सेबर ही तिन्ही शस्त्रे खुली आहेत आणि स्पर्शाची नोंद विद्युत् दिव्यांनी होते. हेलेने मायरच्या पिढीला यांपैकी काहीच उपलब्ध नव्हते. एकच शस्त्र, मानवी नजरेचे पंच आणि खेळाबाहेरील शक्तींचे दडपण अशा परिस्थितीत तिने आपले कौशल्य सिद्ध केले. तिच्या खेळाची थोरवी व तिच्या निर्णयाविषयीचे प्रश्न या दोहोंची दखल घेतल्यावाचून महिला तलवारबाजीचा इतिहास पूर्ण होत नाही.